‘हलविण्यात आले’ म्हणजे नेमकं कोणी हलवलं?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

“ताई, मी २८ वर्षांचा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर पाच वर्षं चालक आहे, ठेकेदारामार्फत. हातात साडेतेरा हजार येतात, तेही कधी कधी दोन महिन्यांनी. माझा चुलतभाऊ महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मागच्या पावसाळ्यात हायवेवर टेम्पो आणि कारची धडक झाली. योगायोगानं आम्ही दोघंही तिथं होतो. भावाच्या पथकानं कारचा दरवाजा कापून माणूस बाहेर काढला आणि मी तो माणूस सिव्हिलला पोचवला. पाऊस मरणाचा होता, पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी पेपरात भावाचा फोटो. २६ जानेवारीला ग्रामपंचायतीनं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, मी मागं उभा राहून टाळ्या वाजवल्या. गेल्या महिन्यात मला स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘पर्मनंट आहे का?’ विषय तिथंच संपला. त्या दिवसापासून मी भावाचा फोन उचलत नाही. त्याची काही चूक नाही हे कळतं, पण हात फोनकडं जात नाही. आम्ही दोघंही माणसं वाचवतो, मग एवढा फरक का? मी अग्निशमनच्या भरतीला बसू का? की हेच करत राहू? सोबत बातमीचं कात्रण पाठवतो आहे.”

भाऊ, कात्रण मिळालं. फोटो मी एकदा बघितला आणि शेवटची ओळ चार वेळा वाचली: “जखमीस पुढील उपचारासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हलविण्यात आले.” या वाक्यात जखमी आहे, हॉस्पिटल आहे, क्रियापदही आहे, फक्त कर्ता नाही. तुम्ही ज्या ओळीत असायला हवे होतात ती ओळ तुमच्याशिवाय पूर्ण झाली. आपल्या पेपरांत हे रोज छापून येतं आणि आपण रोज वाचतो. मीही आयुष्यभर वाचत आले, पण ‘हलवलं कोणी?’ असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. तुमच्या पत्रानं ते आणलं.

सत्काराच्या दिवशी तुम्हाला जे लागलं त्यात काही खोटं नाही, हे आधी सांगते. मनाचा कोतेपणा म्हणून ते झटकून टाकू नका.

आता फरक का, ते बघू. तुम्ही विचारलंय की रुग्णवाहिकावाल्याला कमी आणि आगवाल्याला जास्त का. पण आकडे समोर ठेवले तर प्रश्नाचं रूप बदलतं. सातव्या वेतन आयोगानुसार पुणे महापालिकेत फायरमनची वेतनश्रेणी १९,९००–६३,२०० आहे. मुंबईत ती थोडी वर, २१,७००–६९,१०० आहे. आता आपल्या राज्य शासनाच्या कायम वाहनचालकाची श्रेणी बघा: १९,९००–६३,२००. म्हणजे तुमचंच काम करणारा माणूस शासनाच्या आस्थापनेवर, मंजूर पदावर असता, तर तो पुण्याच्या फायरमनच्याच श्रेणीत बसला असता. वर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. सायरन सारखाच वाजतो, गाडीचा रंगही पगार ठरवत नाही. पगार ठरतो नेमणूकपत्रावर सही कोणाची आहे त्यावर. भावाच्या पत्रावर महापालिकेची सही आहे. तुमच्या हातात ठेकेदाराची अकरा महिन्यांची ऑर्डर आहे, आणि ती संपली की पुन्हा अकरा महिन्यांची.

दुसरी बाजूही खरी आहे. राज्यातल्या कितीतरी लहान नगरपालिकांत आगीच्या बंबावरची पोरं ठोक मानधनावर किंवा ठेक्यावर आहेत. ती तुमच्यासारखाच उशिरा आलेला पगार मोजत बसतात. तुमचा भाऊ मोठ्या शहरात, कायम जागेवर लागला. त्यामुळे तुमची तुलना एका नशीबवान फायरमनशी होते आहे, साऱ्या फायरमनांशी नाही.

पगाराचं असं झालं. मानाचं गणित वेगळं आहे, त्याला वेळ लागतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन कर्मचारी त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि पुढं आठवडाभर सप्ताह पाळला जातो. शाळेची मुलं केंद्रावर नेतात, बंबावर चढवतात, पाण्याचा फवारा दाखवतात. राष्ट्रपतींची शौर्यपदकं आहेत, गणवेश आहे, खांद्यावर फीत आहे. दलाची स्वतःची भाषासुद्धा आहे. आगीचा फोन आला की ते ‘वर्दी आली’ म्हणतात, पथकाच्या पुढाऱ्याला ‘तांडेल’ म्हणतात. ऐंशी वर्षं हे सगळं थरावर थर साचत आलं आहे.

तुमच्या सेवेला असा एकही थर नाही. आपल्या राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली ती २०१४ साली. गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांना फुकट ने-आण करण्याची सोय २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं दिली. म्हणजे ज्याला आपण आज सेवा म्हणतो ती इतक्या अलीकडची आहे. त्याआधी गावात ‘अँब्युलन्स’ म्हणजे दवाखान्याच्या आवारात उभी असलेली एक गाडी, आणि ती चालवणारा म्हणजे ‘ड्रायव्हर’. गाडी बदलली, आत ऑक्सिजन आला, मॉनिटर आला, पण शब्द तोच राहिला. भावाला गाव ‘जवान’ म्हणतं आणि तुम्हाला ‘ड्रायव्हर’. या दोन शब्दांत किती अंतर आहे ते मुलीच्या वडिलांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय तुमचं काम दिसत नाही. आग विझते तेव्हा शंभर लोक बघत असतात. तुमचं काम दार लावल्यावर सुरू होतं आणि कॅज्युअल्टीच्या दाराशी संपतं. पेशंट जगला तर डॉक्टरांनी वाचवला, गेला तर अँब्युलन्सला उशीर झाला.

माझ्या सासूबाईंना रात्री अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आम्ही तालुक्याच्या गावी होतो. रुग्णवाहिका आली. चालक साधारण तुमच्याच वयाचा. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. त्यानं सासूबाईंना चादरीत घेतलं, डोक्याकडची बाजू स्वतःकडं ठेवली आणि एकेक पायरी मागं उतरत, “आजी, झालंच, अजून चार,” असं म्हणत खाली आणलं. वाटेत त्यांना उलटी झाली. जिल्ह्याच्या गावी पोचल्यावर आम्ही सगळे आत धावलो. पहाटे तीनच्या सुमारास मी पाण्याची बाटली भरायला बाहेर आले तर तो नळावर बादली भरत होता. गाडीची मागची दारं सताड उघडी, तो वाकून फरशी घासत होता. मग त्यानं फिनाईल टाकलं, स्ट्रेचरवर धुतलेली चादर अंथरली, चारी कोपरे नीट खोचले आणि सिलिंडरचा काटा बघितला. मला बघून म्हणाला, “ताई, आत चार्जर लागला तर माझा आहे.” सासूबाई त्यातून बऱ्या झाल्या, नंतर सहा वर्षं जगल्या. डॉक्टरांना आम्ही पेढे नेऊन दिले. त्या पोराचं नाव विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवत होतं. ती चूक माझी आहे आणि ती मला सलते.

तर मान देताना समाज आंधळा असतो हे खरं. पण कायदा प्रत्येक वेळी तसा नसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९४-ई हे कलम आलं. अग्निशमनच्या गाडीला किंवा रुग्णवाहिकेला वाट दिली नाही, तर १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एकाच ओळीत दोघांचं नाव आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या कामावरच्या लोकांसाठी केंद्रानं ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं, तेव्हा त्यात कंत्राटी आणि ठेकेदारामार्फत आलेले कर्मचारीही धरले. जीवावरची वेळ आली तेव्हा सरकारला तुम्हाला एका रांगेत घेता आलं. म्हणजे हे अशक्य नाही, इतकं तर ठरलं.

दोन्ही सेवा एका छताखाली आणल्यानं सगळं सुटतं, असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली शहराची रुग्णवाहिका सेवा अग्निशमन विभागात विलीन केली. विभाग एक, प्रमुख एक, तरी पगारातली दरी राहिली आणि तिथली रुग्णवाहिकेवरची माणसं आजही बढतीची परीक्षा देऊन फायरमन होतात. ११ सप्टेंबर २००१ ला जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, त्यात त्या विभागाचे ३४३ जण गेले. त्यांत दोन पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणारे, होते.

आता तुमच्या हातात काय आहे ते बोलू. इथं मी जराही घाई करणार नाही.

भावाच्या पगाराशी तुलना करून तुम्ही कुठंच पोचणार नाही, अगदी न्यायालयातसुद्धा. रणधीर सिंग नावाचे दिल्ली पोलिसांतले एक ड्रायव्हर-कॉन्स्टेबल सर्वोच्च न्यायालयात गेले होते. वेतनश्रेणी २१०–२७०. त्याच दिल्लीत अग्निशमन दलाच्या जड गाडीच्या चालकाला ३३०–४८० होती आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकाला २६०–४००. १९८२ साली निकाल लागला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व न्यायालयानं ठामपणे मान्य केलं आणि रणधीर सिंगांना मिळाली ती रेल्वे सुरक्षा दलाच्या चालकाइतकी श्रेणी, कारण काम तेच होतं. पुढं २०१६ साली पंजाब राज्य विरुद्ध जगजीत सिंग या निकालात न्यायालय म्हणालं की कायम माणसाचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या श्रेणीच्या किमान टप्प्याइतकं वेतन द्यायला हवं. म्हणून बोट दाखवायचं ते भावाकडं नाही. तुमच्याच खात्यात, तुमच्याच जिल्ह्यात, तशीच गाडी तशाच पाळीत चालवणारा कायम चालक आहे का, ते शोधा. असेल तर तो तुमचा पुरावा आहे.

यात अडचण आहे, ती लपवत नाही. तुम्ही थेट शासनाचे तात्पुरते कर्मचारी नाही, ठेकेदाराचे आहात, आणि समोरून पहिलं उत्तर येईल ते ‘हा आमचा माणूसच नाही’ हे. म्हणून एकट्यानं अर्ज करू नका. जिल्ह्यातले सगळे कंत्राटी चालक एकत्र या, एखाद्या जाणत्या कामगार संघटनेकडं जा आणि कामगार कायदा हाताळणारा वकील गाठा. पगार दोन-दोन महिने थकतो याबद्दल तर गप्प बसूच नका. ठेकेदारानं पगार दिला नाही तर ज्याच्यासाठी काम करता त्या मूळ मालकानं तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. त्याची जागा घेणाऱ्या नव्या संहितेतही ते आहे. साडेतेरा हजार हा आकडा किमान वेतनाशीही ताडून बघा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चालू दर मिळतात.

आणि कागद जमवा. दर महिन्याची पगारपावती मागा, देत नसतील तर लेखी मागा आणि मागितल्याची प्रत ठेवा. गाडीच्या लॉगबुकचे फोटो काढून ठेवा. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठून कुठं गेलात, ते तुमच्याच अक्षरात तिथं आहे. पाच वर्षांच्या कामाचा त्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा. तुमचे १२ टक्के कापले जातात तेवढे मालकाचेही १२ टक्के पडायला हवेत. काही ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात, ते बेकायदा आहे. पीएफ असेल तर त्याच्यासोबत सात लाखांपर्यंतचा मृत्यू विमाही असतो, वारसाचं नाव लावलंय का तेवढं बघा. पगार २१ हजारांच्या आत आहे, त्यामुळे ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड मिळतं का तेही विचारा. रात्रीच्या हायवेवर रोज गाडी मारणाऱ्या माणसाकडं हे कार्ड नसणं मला अजिबात बरं वाटत नाही.

आता भरतीचं. बसायचं असेल तर जरूर बसा, पण रागानं बसू नका. फायरमनचं काम म्हणजे सत्कार नव्हे. मुंबईच्या भरतीत १९ फुटांवरून खाली धरलेल्या जाळीत उडी मारायला लावतात. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. त्यात दलाचे चार अधिकारी गेले, खुद्द प्रमुख सुनील नेसरीकर त्यांत होते. धुरानं भरलेल्या खोलीत शिरायची तुमची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. असेल, तर तुमच्यासारख्यासाठी साध्या फायरमनपेक्षा दुसरी एक जागा जास्त जवळची आहे: चालक-यंत्रचालक. बंब न्यायचा आणि तिथं पंप चालवायचा. अशा जागांना जड वाहनाचा परवाना आणि चालवण्याचा अनुभव मागतात, आणि बहुतेक जाहिरातींत राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रमही लागतो. तुमचा परवाना हलक्या गाडीचा असेल तर आजच जडचा काढायला घ्या, कुठंही गेलात तरी तो उपयोगी पडेल. गल्लोगल्ली ‘फायर अँड सेफ्टी’चे वर्ग निघालेत. फी भरायच्या आधी जाहिरात हातात घेऊन, त्यांचं प्रमाणपत्र तिथं चालतं का ते विचारा. वयाची आणि उंचीची अट महापालिकेगणिक बदलते, आणि तुम्ही २८ चे आहात. काही ठिकाणी खुल्या गटाची मुदत उलटलेली असेल, तेव्हा या वर्षी-पुढच्या वर्षी असा घोळ घालू नका.

आणि रुग्णवाहिकेवरच राहावंसं वाटत असेल, तर तेही मला समजतं. तुमच्या पत्रात पावसाबद्दल एक ओळ आहे, पाऊण तासाबद्दल आहे, तक्रारीत कुठंही ‘काम नको झालंय’ असं नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय कायदा झाला आणि त्यात तातडीच्या सेवेतल्या पॅरामेडिकचा व्यवसाय म्हणून नाव घेऊन समावेश आहे. बारावी विज्ञान झालं असेल तर त्या बाजूचा अभ्यासक्रम हाही रस्ता आहे. चाकावरून पेशंटजवळ जायचा.

स्थळाबद्दल फार लिहीत नाही. त्या वडिलांनी विचारलं ते मुलीच्या काळजीपोटी विचारलं, आणि जिथं पगारच दोन महिन्यांनी होतो तिथं ती काळजी चुकीची म्हणता येत नाही. पण तुम्हाला बघून, तुमच्याशी बोलून ‘नाही’ म्हटलेलं ते नव्हतं. ठेक्याच्या कागदाला दिलेला नकार होता तो.

राहिला भाऊ. त्याला फोन करा. अभिनंदनासाठी नको, माफीसाठीही नको. त्याला विचारा की त्या कारमधल्या माणसाचं पुढं काय झालं ते त्याला माहीत आहे का. माझा अंदाज आहे, त्याला माहीत नसेल. दार कापून झालं, माणूस तुमच्या गाडीत गेला, यांचा बंब पुढच्या वर्दीला गेला. त्या माणसाबरोबर पावसात पाऊण तास तुम्ही होतात. तो शुद्धीत होता का, काय बोलत होता, कोणाचं नाव घेत होता, वाटेत गाडीत मागं काय झालं, सिव्हिलच्या दारात स्ट्रेचर कोणी धरलं, हे सगळं तुमच्याकडं आहे. आणि आत अडकलेला असताना त्याचा हात कोणी धरला होता, कटर किती वेळ चालला, हे त्याच्याकडं. एका माणसाच्या त्या रात्रीचे दोन तुकडे तुम्हा दोन भावांत वाटले गेलेत आणि बातमीत एकच छापून आला. दुसरा त्याला तुम्ही सांगा.

पीएफचं पासबुक उघडलं की मला कळवा, रक्कम नेमकी किती पगारावर पडते आहे ते मला बघायचं आहे. आणि पुढच्या पत्राखाली ‘एक चालक’ असं न लिहिता तुमचं नाव लिहा. इथं छापणार नाही, पण मला माहीत असू द्या.

तुमची,
ताई